तीस कलमं, आठवी ब आणि शाळेचं चॅनल

शाळेत सोशल मीडिया म्हणजे पुरावा. वृक्षारोपण झालं, फोटो टाका. जंतनाशक गोळ्या वाटल्या, फोटो टाका. संविधान दिनाला प्रास्ताविका वाचली, फोटो टाका, तोही त्या जिओटॅगवाल्या कॅमेऱ्यातून, म्हणजे मुलांच्या पायाखाली अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ सगळं छापून येतं. मी हडपसर बाजूच्या एका अनुदानित मराठी शाळेत आठवी-नववीला इतिहास-नागरिकशास्त्र शिकवते आणि माझ्या फोनमध्ये माझ्या लेकाचे जेवढे फोटो आहेत त्याच्या कितीतरी पट दुसऱ्यांची मुलं रांगेत उभी आहेत. त्यामुळे मानवी हक्क शिकवण्यासाठी सोशल मीडिया कसा वापरायचा याचं प्रशिक्षण आहे, शनिवारी सदाशिव पेठेत जायचंय, असं मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या तेव्हा मला वाटलं आता पोस्टर बनवायचं ॲप शिकवणार, मग प्रत्येक दिनविशेषाला एक पोस्टर, आणि त्याचाही फोटो ग्रुपवर.

ॲपचं कुणी नावही काढलं नाही. शिकवायला एक तरुण वकील मुलगी होती आणि एक निवृत्त शिक्षक, ते सर फार बोलायचे नाहीत पण मधेच एक प्रश्न टाकायचे आणि चहाला निघून जायचे. पहिल्याच शनिवारी सांगितलं, आपापल्या शाळेचा पालक ग्रुप उघडा, मीडिया बघत मागे जा, आणि असा एक फोटो शोधून काढा ज्यात तुमचं स्वतःचं मूल असतं तर तुम्हाला चाललं नसतं. बस्स. कोथरूड, वारजे, भोसरी, येरवडा, कुठकुठले शिक्षक होते, सगळे माना खाली घालून स्क्रोल करतायत. पाच मिनिटांत हॉल एकदम शांत.

मला सापडायला वेळ लागला नाही. वह्यावाटपाचा फोटो. मधे पाहुणे, गळ्यात हार, हातात वह्यांचा गठ्ठा, आणि गठ्ठ्याचं दुसरं टोक धरून आमची सहावीतली एक मुलगी. पाहुणे कॅमेऱ्याकडे बघून हसतायत, मुलगी जमिनीकडे बघतेय. खाली मजकूर, 'गरीब व होतकरू विद्यार्थ्यांना साहित्य वाटप'. हा ग्रुप म्हणजे तिच्या वर्गातल्या सगळ्यांच्या आया, तिच्या गल्लीतल्या अर्ध्या बायका. तिला त्या दिवशी 'गरीब' हे सर्टिफिकेट आम्ही जाहीरपणे दिलं होतं, फोटोसकट. येरवड्याच्या एका बाईंकडे तर शिष्यवृत्तीची यादी होती, जातीच्या कॉलमसकट, पीडीएफ, दोनशे जणांच्या ग्रुपवर.

मग त्या वकील मुलीनं फळ्यावर तीन ओळी लिहिल्या. संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर २०११ मध्ये मानवी हक्क शिक्षणाबद्दल एक जाहीरनामा मंजूर केलाय, त्यात म्हटलंय की हे शिक्षण तीन अंगांनी चालतं: हक्कांबद्दल शिकवणं, हक्क पाळत शिकवणं आणि हक्क बजावता यावेत म्हणून शिकवणं. आपल्या शाळांत पहिलं होतं, ती म्हणाली, धड्याखाली प्रश्नोत्तरं असतात तेवढं. तिसऱ्याची भाषणं होतात. मधलं कुणी बघत नाही. १० डिसेंबरला मानवी हक्क दिनाची पोस्ट टाकायची आणि त्यातच मुलाला न विचारता त्याचा चेहरा वापरायचा, यात आपल्याला काही खटकतच नाही. आता हे ऐकायला सोपं वाटतं पण मला तेव्हा खरंच झोंबलं, कारण पाठ्यपुस्तकातला बालहक्कांचा भाग मी दरवर्षी अगदी तन्मयतेनं शिकवते.

एका सरांनी लगेच हात वर केला, म्हणाले प्रवेशाच्या वेळी पालकांची सही घेतो की आम्ही, 'छायाचित्र वापरण्यास हरकत नाही'. त्यावर निवृत्त सर म्हणाले, "पालकांची घेता. पोराची?" आणि गेले चहाला. त्यांच्यामागे जी चर्चा पेटली ती जेवणापर्यंत. बालहक्क संहितेत (१९८९ ची, भारतानं ती डिसेंबर १९९२ मध्ये स्वीकारली) मुलाचं मत ऐकून घ्यायचं कलम आहे आणि खाजगीपणाचंही आहे, आणि आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी ऑगस्ट २०१७ मध्ये खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे म्हणून सांगितलंय, हे सगळं मला माहीत होतं, परीक्षेत विचारण्यापुरतं. ते आपल्या फोनमधल्या गॅलरीला लागू आहे हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

एक सत्र मात्र असं होतं की त्यातून बाहेर आल्यावर मी टिळक रोडवर नुसतीच थोडा वेळ उभी राहिले. विषय होता, रात्री साडेदहाला तुम्हाला विद्यार्थिनीचा मेसेज आला आणि त्यात तिनं घरातल्या कुणाबद्दल काही लिहिलंय. काय कराल? आम्ही सगळ्यांनी जे पटकन सांगितलं तेच नेमकं करायचं नव्हतं. स्क्रीनशॉट काढून मुख्याध्यापकांना पाठवू, कुणी म्हणालं. स्टाफ ग्रुपवर विचारू. आईला फोन करू. वकील मुलगी प्रत्येक उत्तरावर विचारत गेली, आता हा स्क्रीनशॉट किती जणांकडे आहे? आई त्या माणसासमोर बसलेली असेल तर? मग तिनं नीट सांगितलं. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा २०१२ चा कायदा, त्याच्या कलम १९ प्रमाणे असं काही कळलं तर पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, शिक्षकावर तर आहेच, खात्री करत बसायची जबाबदारी आपली नाही, आणि न कळवणं हा स्वतः गुन्हा आहे. शाळा म्हणून लपवलं तर संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत शिक्षा. १०९८ ही चाइल्डलाइन चोवीस तास. आणि त्या मुलीची ओळख कळेल असं काहीही, नाव, शाळा, गल्ली, कुठंही जाता कामा नये. बाल न्याय कायद्याचं ७४ वं कलमही हेच सांगतं, पीडित असो, साक्षीदार असो की हातून काही घडलेलं मूल असो. भोसरीचे एक सर म्हणाले, पण मग मुलीला तेव्हा रात्री उत्तर काय द्यायचं? त्यावर कुणाकडे कायद्यातलं काही नव्हतं. शेवटी निवृत्त सरच म्हणाले, "लिहायचं, तू मला सांगितलंस हे बरं केलंस, माझा तुझ्यावर विश्वास आहे, आता तू सुरक्षित आहेस का? आणि कुणाला सांगणार नाही असं वचन द्यायचं नाही, कारण ते आपल्याला पाळता येणार नाही." हे वाक्य मी वहीत लिहून घेतलंय.

बाकी एक भाग बोलण्याच्या भीतीवर होता, म्हणजे शिक्षकांच्या. पालघरच्या त्या दोन मुलींची केस सगळ्यांना आठवत होती, नोव्हेंबर २०१२, बंदबद्दल एक फेसबुक पोस्ट आणि दुसरीनं ती लाइक केली, दोघींना अटक. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या ६६अ कलमाखाली अशा अटका व्हायच्या ते २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयानं रद्दच केलं, तरी स्टाफरूममध्ये अजून 'लाइक करू नको बाई, अडकशील' हेच चालतं. त्यात राज्य सरकारचं २०२५ चं परिपत्रक, कर्मचाऱ्यांनी सोशल मीडियावर काय करायचं काय नाही याचं, वैयक्तिक आणि कामाचं अकाउंट वेगळं ठेवा वगैरे. महापालिकेच्या शाळांतले शिक्षक यावर बरंच बोलले, मी फार खोलात जात नाही. माझं मत एवढंच की वेगळं अकाउंट ठेवणं हे तसंही शहाणपणाचं आहे, माझ्या भाचीच्या हळदीतला नाच आठवी ब ला दिसायची काही गरज नाही.

राईनपाड्याबद्दल मात्र लिहायलाच हवं. धुळे जिल्हा, साक्री तालुका, १ जुलै २०१८, आठवडी बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी आलीय अशी अफवा व्हॉट्सॲपवरून फिरत होती आणि भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाच्या पाच जणांना जमावानं मारून टाकलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आणली. त्या काळात देशभर फिरलेल्या क्लिपांपैकी एक मुळात कराचीतल्या जनजागृतीच्या फिल्मची होती, मोटारसायकलवरून मूल उचलतात, पण शेवटी परत आणून सोडतात आणि पाटी दाखवतात की मूल पळवायला एवढाच वेळ लागतो, लक्ष ठेवा. तो शेवट कापला आणि बाकीचं फिरवलं. प्रशिक्षणात आम्हाला ही क्लिप आधी कापलेली दाखवली, मग पूर्ण, आणि मधे कुणी काही बोललं नाही.

मी हे वर्गात घेतलं, व्हिडिओ न दाखवता, नुसतं सांगून. मुलांना म्हटलं, घरच्या ग्रुपवर आलेला एक फॉरवर्ड आणा, दोन बाण असलेला, आणि त्यात तीन गोष्टी शोधा, कुठला, कधीचा, कुणी सांगितलं. गूगल लेन्सवर फोटो टाकून तो आधी कुठं आलाय ते बघायला त्यांना माझ्यापेक्षा जास्त येतं. एका पोराचा फॉरवर्ड 'पुण्यात बिबट्या, आत्ताचा व्हिडिओ' असा होता आणि निघाला दुसऱ्याच राज्यातला, काही वर्षं जुना. तो घरी जाऊन आजोबांना म्हणाला की हे खोटं आहे, आजोबा म्हणाले बिबट्या खोटा असतो का? आता यावर काय बोलणार. पण खरा प्रश्न एका मुलीनं विचारला, "बाई, ते पाच जण बोलले असतील ना की आम्ही तसे नाही? मग ऐकलं का नाही कुणी?" डवरी गोसावी कोण, भटके-विमुक्त म्हणजे कोण, इंग्रजांनी १८७१ मध्ये अख्ख्या जमातींनाच गुन्हेगार ठरवणारा कायदा केला होता, तिथपासून मला सुरुवात करावी लागली आणि तास कमी पडला. पुस्तकात हा धागा कुठल्याच एका धड्यात नाही, पण पोरांनी तो फॉरवर्डपासून ओढत आणला.

डिसेंबर जवळ आला तसं मी स्टाफसमोर सत्र घेतलं, कारण प्रशिक्षणाची अटच होती की परत जाऊन आपल्या शाळेत सांगायचं. गणिताचे सर पहिल्या पाच मिनिटांत म्हणाले, मॅडम, चेहरे नकोत तर अहवालाला काय जोडायचं, फळा? पीटीचे सर म्हणाले स्पर्धेत जिंकलेल्या पोराला तर फोटो हवाच असतो, उलट आपण विसरलो तर रुसतो. आणि ते खरंच आहे, मी त्यावर वाद घातला नाही, जिंकलेल्याला विचारा, तो हो म्हणेल, टाका. विचारायचं एवढंच. मराठीच्या बाईंनी व्यवहाराची गोष्ट काढली, पालक ग्रुपवर सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, एका आईला त्यातूनच कुणीतरी त्रास दिला होता. त्यावर आम्ही व्हॉट्सॲप चॅनल काढलं, तिथं फॉलो करणाऱ्यांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत, आणि ग्रुपवर फक्त ॲडमिननं लिहायचं. जिओटॅग फक्त कार्यालयात पाठवायच्या फोटोवर, तोही पाठमोरा. फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर आतली लोकेशन तशीच जाऊ शकते हे क्लार्क काकांना समजवायला जरा वेळ लागला, पण आता तेच सगळ्यांना शिकवतात.

मुलांची अकाउंट उघडायची नाहीत हे आधीच ठरलं होतं. तेरा वर्षांची अट असते या कंपन्यांची, आठवीत काही तेराचे काही चौदाचे, आणि २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात तर १८ च्या खालचं प्रत्येकजण मूलच. म्हणून चॅनल शाळेचं, फोन माझा, मजकूर मुलांचा.

उपक्रम असा होता: मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात (१० डिसेंबर १९४८, पॅरिस) तीस कलमं आहेत, प्रत्येकाला एक कलम, आणि त्याचा एक फोटो आपल्या रोजच्या जगण्यातला, कुणाचाही चेहरा नको. मला वाटलं होतं चेहरा नको म्हटल्यावर फोटो बेचव येतील. उलटच झालं. कलम २४, विश्रांती आणि फुरसत, एका पोरानं वडिलांचा फोटो आणला, स्वारगेटला रिक्षाच्या मागच्या सीटवर दुपारचे झोपलेत, बाहेर फक्त दोन पाय आणि एक चप्पल खाली पडलेली. वडिलांना विचारलं का? विचारलं बाई, ते म्हणले पायच दिसतायत ना, टाक. कलम २१, सरकारात सहभाग, आजीचं शाई लावलेलं बोट. कलम २६, शिक्षण, एकानं भाऊ-बहिणीची दोन दप्तरं एकाच खिळ्याला लावलेली, खाली लिहिलं, 'ताईचं दहावीनंतर काढणार आहेत'. हे टाकायचं का यावर ताईला विचारून ये म्हटलं. ताई म्हणाली टाक, बाबा चॅनल बघतात.

आणि एक कलम २३ चा फोटो, काम आणि कामातला सन्मान. मुलगी मागच्या बाकावरची, फार बोलत नाही, आई चार घरी धुणीभांडी करते. फोटोत एका किचनची खिडकी, स्टीलच्या जाळीवर उलटा ठेवलेला एक कप, कान तुटलेला. बाकीचे कप आत मांडणीवर होते, एका मापाचे, कडा निळ्या. वर्गात आधी कुणाला कळलं नाही. मग एक जण म्हणाला, आमच्या आईचा पण वेगळा असतो. मग दुसरी. चार-पाच हात वर झाले आणि बाकीचे वर्गातले, ज्यांच्या घरी बाई येते, ते गप्प. मी सोळा-सतरा वर्षं शिकवतेय, समता हा शब्द एवढा जड झालेला मी कधी बघितला नव्हता.

टाकायचा का? फोटो अप्रतिम होता. चेहरा नव्हता, नाव नव्हतं, नियमात बसत होता. पण ती खिडकी, ते निळ्या कडांचे कप, ज्यांचं घर आहे त्यांनी बघितलं तर त्यांना एका सेकंदात कळेल, आणि त्याच सोसायटीतली दोन मुलं आमच्या शाळेत आहेत. आईचं काम गेलं तर? वर्गात दोन तट पडले. एक म्हणे हे दाखवायलाच पाहिजे, नाहीतर मग उपक्रम कशाला. दुसरे म्हणे तिच्या आईच्या पगारावर आपण शूर व्हायचं का. हे वाक्य एका तेरा वर्षांच्या पोराचं आहे, माझं नाही. मी मतदान घेतलं नाही. मुलीला म्हटलं तू आणि आई ठरवा. दोन दिवसांनी ती चित्र घेऊन आली, पेन्सिलीनं काढलेला कप, खिडकी नाही, जाळी नाही, पांढऱ्या कागदावर नुसता कप आणि खाली 'हा कुणाचा?' तेच चॅनलवर गेलं, आणि सगळ्यात जास्त प्रतिक्रिया त्यालाच आल्या. चॅनलवर लिहून कमेंट करता येत नाही, नुसत्या इमोजी देता येतात, त्यामुळे बाया गेटवर येऊन बोलल्या. एक आई मला म्हणाली, "मी काल कप बदलला." मला काय उत्तर द्यावं कळेना, हो का म्हटलं.

शाळेच्या फेसबुक पेजवरही तेच टाकलं होतं, तिथं कमेंट येतात, आणि अर्थातच एक आली, 'आधी कर्तव्यं शिकवा, मग हक्क.' ही कमेंट येणार हे प्रशिक्षणात सांगितलंच होतं, आणि सांगितलं होतं की रागात उत्तर द्यायचं नाही, डिलीट करायची नाही, शिवी असेल तरच लपवायची, बाकी मुलांपुढे ठेवायची. ठेवली. त्यांनी शोधलं. जाहीरनाम्यातच कलम २९ मध्ये समाजाविषयीच्या कर्तव्याचा उल्लेख आहे. आपल्या संविधानात कलम ५१अ आहे, १९७६ चं. आणि त्यातलं शेवटचं, २००२ मध्ये वाढवलेलं, सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शिक्षणाची संधी देणं हे आईवडील-पालकांचं कर्तव्य. वर्गानं लिहिलं, 'काका, कर्तव्यं शिकतोय. त्यातलं एक मोठ्यांचं पण आहे, खाली लिहिलंय.' काकांनी त्याला अंगठा दिला. कुठल्या अर्थानं ते माहीत नाही.

मला या सगळ्यात एक गोष्ट अजून पटलेली नाही, ती म्हणजे शाळेबाहेरच्या अन्यायाचे फोटो सगळ्यांना आवडतात. कप आवडला, रिक्षा आवडली. पण उपक्रम संपता संपता आठवी ब च्या मुलींनी आणखी एक फोटो आणला, कुणी सांगितलेला नव्हता, मुलींच्या स्वच्छतागृहाचं दार, कडी तुटलेली, तिथं ओढणीची चिंधी बांधलेली. खाली लिहिलं होतं, 'कलम १२, खाजगीपणा. मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात आहे. कडीचं लिहिलेलं नाही.'

मी तो मुख्याध्यापिका बाईंना दाखवला. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, मॅडम, हे चॅनलवर टाकायच्या आधी मला सांगायला हवं होतं मुलींनी. मी म्हटलं, बाई, टाकलेलं नाही अजून, आणि गेल्या वर्षी तक्रारवहीत दोनदा लिहिलंय त्यांनी. वही मागवली, होतं लिहिलेलं. त्याच आठवड्यात सुतार आला, तिन्ही दारांना नव्या कड्या बसल्या, वरच्या बाजूला एक खिळाही, ओढणी अडकवायला.

आता प्रश्न असा आहे की पोस्ट टाकायची की नाही. बाईंचं म्हणणं, काम झालं, मग आता शाळेची अब्रू कशाला काढायची. मुलींचं म्हणणं, रिक्षावाल्या काकांचे पाय चालतात, धुणंवालीचा कप चालतो, मग आपलं दार का नाही. त्यांनी पर्यायही सुचवलाय, जुना आणि नवा असे दोन्ही फोटो शेजारी शेजारी टाकू, दुरुस्त केल्याबद्दल शाळेचे आभार मानू. गणिताचे सर, जे फळा जोडू म्हणाले होते, ते मुलींच्या बाजूनं आहेत. मीही आहे. पालक-शिक्षक संघाच्या पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर चौथ्या नंबरला हा विषय घेतलाय, आणि आठवी ब च्या दोन मुलींना तिथं येऊन बोलू द्यायचं हे बाईंनी, थोडा विचार करून, मान्य केलंय.